इंग्रजी अभ्यासलेखनात आकृतीचा संदर्भ कसा द्यावा?

अर्थशास्त्र, लोकप्रशासन, भूगोल किंवा समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी अहवाल वाचल्यावाचून गत्यंतर नसते. आर्थिक पाहणी, जनगणनेचे खंड, रिझर्व्ह बँकेचे वार्षिक अहवाल, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अशा सर्व प्रकाशनांत पानोपानी तक्ते, आलेख आणि नकाशे असतात. नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तर २०११ पासून आलेख व तक्त्यांच्या अर्थबोधावर स्वतंत्र प्रश्न विचारले जातात. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या परीक्षेच्या शैक्षणिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्नच आलेख, तक्ता किंवा आकृती यांचे किमान १५० शब्दांत वर्णन करण्याचा असतो.

असे असूनही या विषयाची पद्धतशीर तयारी क्वचितच केली जाते. वाचताना मजकूर वाचायचा आणि आकृती ओलांडून पुढे जायचे, तर लिहिताना सुबक आकृती काढायची आणि उत्तरात तिचा उल्लेखही करायचा नाही, अशा दोन सवयी अनेकांना जडलेल्या असतात. वरकरणी वेगळ्या वाटल्या तरी दोन्ही सवयींचे मूळ एकच आहे. मजकूर आणि आकृती यांना जोडणाऱ्या वाक्याकडे आपले लक्ष नसते. इंग्रजी अभ्यासलेखनात हे वाक्य कसे रचले जाते, त्याचे संकेत कोणते आणि मराठीतून विचार करणाऱ्याची नेमकी कोठे चूक होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आकृतीचा संदर्भ हा लेखनशिष्टाचाराचा भाग तर आहेच, पण त्याहून अधिक तो जबाबदारीचा भाग आहे. 'माझे विधान हे असे आहे आणि त्याचा पुरावा तेथे आहे. तो तपासून पाहा', असे लेखक त्या छोट्याशा वाक्यातून वाचकाला सांगत असतो. म्हणूनच चांगल्या संदर्भात दोन गोष्टी असतात : आकृती कोणती, आणि तिच्यात काय पाहायचे. पहिली गोष्ट बहुतेक सर्व जण लिहितात. दुसरी बहुतेकांकडून राहून जाते.

'फिगर' या शब्दाचे दोन अर्थ

इंग्रजीतील 'फिगर' या शब्दाचा एक अर्थ आकृती आणि दुसरा अर्थ आकडा असा होतो. 'द फिगर्स शो' असा क्रमांकाविना शब्दप्रयोग आला तर त्याचा अर्थ बहुधा 'आकडेवारी दाखवते' असा असतो. 'फिगर ३ शोज' असा क्रमांकासह प्रयोग आला तर मात्र तेथे आकृतीच अभिप्रेत असते. घाईघाईने उतारा वाचणारा विद्यार्थी या ठिकाणी हमखास अडखळतो.

अभ्यासलेखनात दृश्य साहित्याचे मुख्यतः दोन वर्ग केले जातात. ओळी आणि स्तंभ यांत मांडलेले आकडे म्हणजे 'टेबल', अर्थात तक्ता किंवा कोष्टक. उरलेले जवळजवळ सर्व, म्हणजे रेषालेख, स्तंभालेख, वृत्तालेख, प्रवाहचित्र, छायाचित्र, हे 'फिगर' या एकाच नावाखाली येते. नकाशांना पुष्कळदा याच मालिकेत क्रमांक दिला जातो, तर काही अहवाल 'मॅप' किंवा 'चार्ट' अशी वेगळी मालिका ठेवतात. तक्ते व आकृत्या यांचे क्रमांक स्वतंत्र चालतात. म्हणजे एकाच लेखात तक्ता १ ही असतो आणि आकृती १ ही असते. मोठ्या अहवालात प्रकरणाचा क्रमांक आधी येतो, 'फिगर ४.२' म्हणजे चौथ्या प्रकरणातील दुसरी आकृती. तक्त्याला 'फिगर' म्हणणे ही परीक्षार्थींच्या लेखनात वारंवार दिसणारी चूक होय.

अभ्यासासाठी एक उदाहरण

नियम कोरडेपणाने सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष आकडेवारी समोर ठेवणे सोयीचे ठरेल. भारताच्या जनगणनांतील साक्षरतेचे दर येथे तक्ता १ मध्ये दिले आहेत.

तक्ता १ : भारतातील पुरुष व स्त्रिया यांचा साक्षरता दर, १९५१ ते २०११ (टक्के, अंतर टक्केबिंदूंत)

१९५१ : पुरुष २७.२, स्त्रिया ८.९, अंतर १८.३
१९६१ : पुरुष ४०.४, स्त्रिया १५.४, अंतर २५.०
१९७१ : पुरुष ४६.०, स्त्रिया २२.०, अंतर २४.०
१९८१ : पुरुष ५६.४, स्त्रिया २९.८, अंतर २६.६
१९९१ : पुरुष ६४.१, स्त्रिया ३९.३, अंतर २४.८
२००१ : पुरुष ७५.३, स्त्रिया ५३.७, अंतर २१.६
२०११ : पुरुष ८०.९, स्त्रिया ६४.६, अंतर १६.३

टीप : १९५१, १९६१ व १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येसाठी, तर १९८१ पासूनचे दर सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येसाठी आहेत. १९८१ च्या आकड्यांत आसामचा आणि १९९१ च्या आकड्यांत जम्मू-काश्मीरचा समावेश नाही.

वाचकांनी हा तक्ता समोर ठेवून कागदावर दोन रेषांचा आलेख काढावा. आडव्या अक्षावर जनगणनेचे वर्ष आणि उभ्या अक्षावर टक्केवारी घ्यावी. पुढील विवेचनात या आलेखाला 'आकृती १', म्हणजे इंग्रजीत 'फिगर १', असे म्हटले आहे.

संदर्भ देण्याच्या चार रीती

पहिली रीत : आकृतीलाच वाक्याचा कर्ता करणे. 'फिगर १ शोज दॅट द लिटरसी गॅप नॅरोड आफ्टर १९८१', म्हणजे १९८१ नंतर साक्षरतेतील दरी कमी होत गेल्याचे आकृती १ दाखवते. आकृती प्रथमच वाचकासमोर आणताना ही रीत उपयोगी पडते. येथे काळाकडे लक्ष द्यावे. आकृती आजही तेच दाखवते, म्हणून 'शोज' हा वर्तमानकाळ; दरी भूतकाळात कमी झाली, म्हणून 'नॅरोड' हा भूतकाळ. मराठीतही आपण 'आकृती दाखवते की दरी कमी झाली' असेच म्हणतो. त्यामुळे हा नियम आपल्याला अवघड जाऊ नये.

दुसरी रीत : विधान आधी पूर्ण करून शेवटी, पूर्णविरामापूर्वी, कंसात केवळ 'फिगर १' एवढे लिहिणे. येथे विधानाला प्राधान्य मिळते आणि आकृती पुराव्याच्या जागी उभी राहते. अनुभवी लेखक ही रीत सर्वाधिक पसंत करतात, कारण वाचनाचा ओघ तुटत नाही. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने आकृतीकडे वळावे, इतरांनी पुढे जावे, अशी मोकळीक तीत असते.

तिसरी रीत : प्रारंभी उपवाक्य योजणे. 'ॲज शोन इन फिगर १, फीमेल लिटरसी रोज इन एव्हरी डिकेड', म्हणजे आकृती १ मध्ये दर्शविल्याप्रमाणे स्त्रियांची साक्षरता प्रत्येक दशकात वाढली. ही रीत मराठी कानाला सर्वांत जवळची वाटते, आणि नेमकी तेथेच चूक होते. तिचा विचार पुढे केला आहे.

चौथी रीत : वाचकाला थेट सूचना करणे. 'सी फिगर १' म्हणजे 'आकृती १ पाहा'. ही सूचना बहुधा कंसातच येते. तपशील अन्यत्र आहे, एवढेच सुचवायचे असते तेव्हा ती योग्य होय. आपल्या कार्यालयीन इंग्रजीत याच अर्थाने 'व्हाइड' हा लॅटिन शब्द रूढ आहे. पत्रव्यवहारात तो चालतो, परंतु आजच्या अभ्यासलेखनात 'सी' हाच शब्द वापरला जातो. 'सीएफ.' हे संक्षिप्त रूपही काही विद्यार्थी 'पाहा' या अर्थाने योजतात. त्याचा खरा अर्थ 'तुलना करा' असा आहे. दुसऱ्या आकृतीशी ताडून पाहायचे असेल तरच ते वापरावे.

या चार रीतींपैकी एकच सर्वत्र वापरल्यास लेखन कंटाळवाणे होते. प्रत्येक परिच्छेद 'फिगर अमुक शोज' अशा शब्दांनी सुरू झाला तर लेखकाचा युक्तिवाद मागे पडतो आणि लेखाला आकृत्यांच्या यादीचे रूप येते.

'ॲज इट इज शोन' ही चूक का होते?

मराठीत आपण एकच गोष्ट दोन प्रकारांनी सांगतो. 'आकृतीवरून असे दिसते की दरी कमी झाली' हा एक प्रकार, आणि 'आकृतीत दिसते त्याप्रमाणे दरी कमी झाली' हा दुसरा. इंग्रजीतही हे दोन्ही प्रकार आहेत. पहिल्यासाठी 'इट कॅन बी सीन फ्रॉम फिगर १ दॅट' अशी रचना आहे. तेथे 'इट' आवश्यक असते आणि पुढे 'दॅट' येते. दुसऱ्यासाठी 'ॲज कॅन बी सीन फ्रॉम फिगर १' अशी रचना आहे. तेथे 'इट' ही नाही आणि 'दॅट' ही नाही.

मराठीतून इंग्रजीत जाताना विद्यार्थी या दोन रचनांची सरमिसळ करतो आणि 'ॲज इट कॅन बी सीन' किंवा 'ॲज इट इज शोन इन' असे लिहून बसतो. सूत्र सोपे आहे : 'ॲज' आला की 'इट' गाळावा, आणि 'इट' ने सुरुवात केली की 'दॅट' आणावा. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी या प्रकारच्या बहुतांश चुका टळतात.

आणखी काही चुका आपल्याकडील इंग्रजीच्या विशिष्ट घडणीतून येतात. 'ॲज पर' हा शब्दप्रयोग नियम, आदेश किंवा करार यांच्यासाठी आहे. 'ॲज पर रूल्स' म्हणजे नियमानुसार. आकृती हा आदेश नसून पुरावा आहे, म्हणून 'ॲज पर फिगर १' असे लिहू नये. 'रेफर' या क्रियापदानंतर 'टू' हे शब्दयोगी आवश्यक असते. 'रेफर फिगर १' ही रचना अपुरी आहे. 'द बिलो फिगर' असेही लिहू नये. 'बिलो' हा शब्द नामानंतर येतो, म्हणून 'द फिगर बिलो' ही योग्य रचना होय.

'द', मोठे अक्षर आणि संक्षेप

क्रमांक दिलेल्या आकृतीला 'द' हे उपपद लागत नाही. 'फिगर १' हे जणू त्या आकृतीचे नाव असते आणि विशेषनामापूर्वी आपण 'द' लावत नाही. क्रमांक नसेल तर मात्र 'द फिगर' असे लिहावे लागते. एकाहून अधिक आकृत्यांचा एकत्र उल्लेख असेल तर 'फिगर्स २ अँड ३' असे अनेकवचन करावे.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे 'फिगर' चे पहिले अक्षर केव्हा मोठे काढायचे हा प्रश्न आपल्याला नवा असतो. येथे विविध लेखनपद्धतींत एकवाक्यता नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत क्रमांकासह येणाऱ्या 'फिगर' चे पहिले अक्षर मोठे असते आणि शब्द संपूर्ण लिहिला जातो. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल या मार्गदर्शिकेत मजकुरातील 'फिगर' लहान अक्षराने सुरू होतो. अभियांत्रिकी क्षेत्रातील आयईईई या संस्थेच्या पद्धतीत 'फिग.' हा संक्षेप वापरतात, आणि तो वाक्याच्या आरंभीही तसाच ठेवतात. इतर अनेक नियतकालिकांत मात्र वाक्यारंभी संपूर्ण शब्द लिहिण्याचा दंडक आहे.

विद्यार्थ्याने यावरून कोणता बोध घ्यावा? प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिताना विद्यापीठाने वा नियतकालिकाने सांगितलेली पद्धत पाळावी. परीक्षेत कोणतीही पद्धत सांगितलेली नसेल तर मोठे अक्षर व संपूर्ण शब्द ही रीत सर्वांत निर्धोक होय. आरंभी एक आणि शेवटी दुसरी पद्धत वापरणे मात्र दोन्हीकडे दोषास्पद आहे.

स्थान, क्रम आणि मथळा

'वरील आकृती' किंवा 'खालील आकृती' असे लिहिणे हस्तलिखितात सोयीचे वाटते. छापील लेखात मात्र पानांची जुळणी होताना आकृती पुढच्या वा मागच्या पानावर जाऊ शकते आणि मग 'खालील' हा शब्द निरर्थक ठरतो. यास्तव अभ्यासलेखनात आकृतीचा उल्लेख क्रमांकानेच करतात.

क्रमांक कोणत्या क्रमाने द्यावेत, याचाही संकेत ठरलेला आहे. मजकुरात जिचा उल्लेख प्रथम येतो ती आकृती १, त्यानंतरची आकृती २, असा हा क्रम असतो. आकृती ३ चा उल्लेख आकृती २ च्या आधी येता कामा नये. सामान्यतः मजकुरातील उल्लेख आधी आणि आकृती नंतर, अशी मांडणी असते, म्हणजे वाचक तयारीनिशी आकृतीपर्यंत पोहोचतो. जिचा मजकुरात एकदाही उल्लेख नाही अशी आकृती ठेवू नये, हा नियमही याच ओघात येतो.

तक्त्याचा मथळा वर आणि आकृतीचा मथळा खाली, ही रूढ पद्धत आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून आकृतीचा क्रमांक व मथळाही वर घेतला आहे. मथळ्यात काय असावे, याबाबत मात्र मतभेद नाहीत. काय मोजले, कोठे मोजले, केव्हा मोजले आणि कोणत्या एककात मोजले, या चार प्रश्नांची उत्तरे मथळा व टीप मिळून द्यावीत.

आकृती कशी वाचायची हे वाचकाला सांगण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये आर्थिक आकडेवारी आलेखरूपाने मांडली. पुढे क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची कारणे दाखवणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रसिद्ध वर्तुळाकृती १८५८ मध्ये प्रकाशित झाली. प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी आणि प्रत्येक कारणासाठी एक रंग, अशी तिची रचना होती. टाळता येण्याजोग्या रोगांसाठी निळा, जखमांसाठी लाल आणि इतर कारणांसाठी काळा रंग योजला होता. ही रचना वाचकांना अपरिचित होती, म्हणून रंगांचा अर्थ आणि क्षेत्रफळ मध्यबिंदूपासून मोजावयाचे आहे ही सूचना आकृतीच्या शेजारीच छापण्यात आली. युद्धातील जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे विधान त्यामुळे कोणालाही पडताळून पाहता आले.

टीप न वाचण्याची किंमत

आता पुन्हा आकृती १ कडे वळू. 'पुरुष व स्त्रिया यांच्या साक्षरतेतील दरी १९७१ ते १९८१ या दशकात वाढली', असे विधान या आलेखावरून सहज करता येते. आकडे तसेच आहेत : २४.० वरून २६.६. परंतु तक्त्याखालील टीप वाचली की लेखणी थबकते. १९७१ चा दर पाच वर्षांवरील लोकसंख्येचा आहे आणि १९८१ चा सात वर्षांवरील. शिवाय १९८१ च्या आकड्यांत आसाम नाही. म्हणजे रेषा अखंड दिसत असली तरी तिच्या मध्यावर मोजपट्टी बदललेली आहे. त्या दशकातील वाढीपैकी किती वाढ खरी आणि किती मोजमापातील बदलामुळे, हे या आलेखावरून सांगता येत नाही. म्हणून जबाबदार लेखक येथे दोन पर्यायांपैकी एक स्वीकारतो. एकतर तो १९८१ ते २०११ या काळापुरतेच विधान करतो, किंवा १९७१ पूर्वीचे दर वेगळ्या वयोगटाचे असल्याचे त्याच वाक्यात नमूद करतो.

दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. १९५१ मधील अंतर १८.३ टक्केबिंदू होते आणि २००१ मध्ये ते २१.६ होते. वयोगटातील फरक क्षणभर बाजूला ठेवला तरी, यावरून स्त्रियांची स्थिती १९५१ मध्ये अधिक समतोल होती असे म्हणता येईल का? मुळीच नाही. १९५१ मध्ये पुरुषांची साक्षरताही अल्प असल्यामुळे अंतर लहान दिसते. त्या वर्षी पुरुषांचा दर स्त्रियांच्या तिपटीहून अधिक होता. २००१ मध्ये तो सुमारे १.४ पट आणि २०११ मध्ये सुमारे १.२५ पट होता. आकृतीतील कोणत्या वैशिष्ट्याकडे बोट दाखवायचे, ही निवड लेखक करतो. ती निवड चुकली तर क्रमांक, उपपद आणि व्याकरण निर्दोष असूनही वाचकाची दिशाभूल होते.

क्रियापदाची निवड

संदर्भवाक्यातील क्रियापद विधानाचे वजन ठरवते. 'शो' म्हणजे दाखवणे. आकृतीत जे प्रत्यक्ष दिसते त्यासाठी ते योजावे. 'इलस्ट्रेट' म्हणजे उदाहरणाने स्पष्ट करणे. प्रक्रिया किंवा संकल्पना दाखवणाऱ्या आकृतीला ते शोभते. 'कम्पेअर' म्हणजे तुलना करणे. 'इंडिकेट' व 'सजेस्ट' म्हणजे सूचित करणे. आकृतीवरून निघणाऱ्या अनुमानासाठी ही क्रियापदे आहेत. 'प्रूव्ह', म्हणजे सिद्ध करणे, हे क्रियापद एखाद्या आलेखाच्या आधारे शक्यतो वापरूच नये.

यामागील कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये स्त्रियांची साक्षरता ९२.१ टक्के, तर बिहारमध्ये ५१.५ टक्के होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत एकूण जननदर केरळमध्ये १.८ आणि बिहारमध्ये ३.० नोंदवला गेला. सर्व राज्यांचे असे बिंदू मांडून कोणी आकृती २ तयार केली, तर साक्षरता व जननदर यांच्यातील संबंध तीत दिसू शकेल. परंतु उत्पन्न, आरोग्यसेवा, विवाहाचे वय, बालमृत्यू हे घटकही राज्याराज्यांत भिन्न आहेत. साक्षरतेमुळेच जननदर घटला, असे ती आकृती एकटी सांगू शकत नाही. म्हणून 'सजेस्ट्स' किंवा 'इज असोशिएटेड विथ', म्हणजे 'शी निगडित आहे', अशी भाषा योग्य ठरते. साक्षरता आणि जननदर यांची वर्षे वेगळी आहेत, ही बाबही मथळ्यात यावयास हवी.

टक्के आणि टक्केबिंदू यांतील फरक हा परीक्षांचा आवडता विषय आहे. २००१ ते २०११ या दशकात स्त्रियांची साक्षरता ५३.७ वरून ६४.६ वर गेली. ही वाढ १०.९ टक्केबिंदूंची, म्हणजे इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट्स' ची आहे. मूळ दराच्या तुलनेत पाहिल्यास ती सुमारे २० टक्के भरते. 'इन्क्रीज्ड बाय १०.९ पर्सेंट' असे लिहिणे म्हणूनच चूक होय. त्याच दशकात पुरुषांच्या दरातील वाढ ५.६ टक्केबिंदू होती. दरी का कमी झाली, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या तुलनेत मिळते.

उत्तरपत्रिकेत उपयोग

मुख्य परीक्षेच्या उत्तरात काढलेली आकृती लहान व हाताने काढलेली असली तरी वरील तत्त्वे तिलाही लागू पडतात. आकृतीला क्रमांक व एका ओळीचा मथळा द्यावा, अक्षांना नावे द्यावीत आणि उत्तराच्या मजकुरात किमान एकदा तिचा क्रमांकाने उल्लेख करावा. त्या उल्लेखात आकृतीतून काय घ्यायचे, ते एका वाक्यात सांगावे. आकृतीतील प्रत्येक आकडा मजकुरात पुन्हा लिहिण्याची गरज नसते. आरंभ, शेवट, उच्चांक किंवा दिशाबदल यांपैकी प्रश्नाशी संबंधित तेवढाच भाग निवडावा. ज्या आकृतीबद्दल आपल्याला एकही वाक्य लिहिता येत नाही, ती त्या उत्तरात अनावश्यक आहे असे समजावे. मराठीतून उत्तर लिहिणाऱ्यांनाही 'आकृती १ वरून असे दिसते की' या वाक्याची शिस्त तितकीच उपयोगी पडेल.

वाचतानाचा क्रम याहून वेगळा ठेवावा. प्रथम मथळा, मग अक्ष व एकके, त्यानंतर तळटीप, मग आकृती, आणि सर्वांत शेवटी लेखकाचे विधान. असे केल्यास आकृतीबद्दल आपले स्वतंत्र मत आधी तयार होते आणि लेखकाने आकृतीपेक्षा अधिक काही म्हटले आहे का, हे चटकन ध्यानात येते.

स्वाध्याय

पुढील तीन वाक्यांतील दोष आधी स्वतः शोधावेत, नंतर स्पष्टीकरण पाहावे.

१. 'ॲज इट इज शोन इन द फिगर १, लिटरसी इन्क्रीज्ड.' येथे 'इट' आणि 'द' अनावश्यक आहेत. शिवाय कोणाची साक्षरता, किती आणि केव्हा वाढली, हे सांगितलेले नाही. सुधारित वाक्य : 'ॲज शोन इन फिगर १, फीमेल लिटरसी रोज फ्रॉम २९.८ पर्सेंट इन १९८१ टू ६४.६ पर्सेंट इन २०११.'

२. 'द बिलो फिगर प्रूव्ह्ज दॅट लिटरसी रिड्यूसेस फर्टिलिटी.' येथे 'बिलो' चे स्थान चुकले आहे, आकृतीला क्रमांक नाही आणि क्रियापद पुराव्याला न पेलणारे आहे. सुधारित वाक्य : 'फिगर २ सजेस्ट्स दॅट स्टेट्स विथ हायर फीमेल लिटरसी टेंड टू हॅव लोअर फर्टिलिटी.'

३. 'ॲज पर टेबल १, द गॅप इन्क्रीज्ड इन १९८१.' येथे 'ॲज पर' अयोग्य आहे आणि वयोगटातील बदलाची टीप दुर्लक्षिली आहे. सुधारित वाक्य : 'टेबल १ शोज दॅट द गॅप फेल फ्रॉम २६.६ पर्सेंटेज पॉइंट्स इन १९८१ टू १६.३ इन २०११.'

या वाक्यांचा सराव झाल्यावर आर्थिक पाहणीतील कोणतेही एक प्रकरण घ्यावे, त्यातील आकृत्यांचे संदर्भ अधोरेखित करावेत आणि प्रत्येक ठिकाणी लेखकाचे विधान आकृतीत खरोखर दिसते का, याची नोंद करावी. पुढे हेच विद्यार्थी प्रशासनात जातील, अहवाल लिहितील आणि त्या अहवालांच्या आधारे शाळा, दवाखाने व पाणीपुरवठा यांवरील खर्चाचे निर्णय घेतले जातील. तळटीप न वाचता लिहिलेले एक वाक्य तेव्हा उत्तरपत्रिकेतील गुणांपुरते मर्यादित राहणार नाही. त्याचे परिणाम त्या तक्त्यातील आकड्यांमागे असलेल्या माणसांपर्यंत पोहोचतील.